आईच्या उशाची वाटी
लकव्यानं आईचं उजवं अंग आणि वाचा दोन्ही नेली, तेव्हा मी सोलापुरात गिरणीच्या रिळिंग खात्यात होते. घरात आम्ही दोघीच. गिरणी सोडावी तर खायचं काय, आणि आईला टाकून जावं तर कुणाच्या जिवावर? मोहोळच्या भावाकडं निरोप धाडला, तर उलट निरोप आला, "हितं कोण बगणार तिला?" वा रे भावा! जन्म देऊन उपकारच केले की आईनं तुझ्यावर.

शेवटी धावली ती भिंतीपलीकडची खाला. मुसलमान विणकराची बायको; दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायची. तिनं सुताचा एक दोरा आईच्या डाव्या मनगटाला बांधला, खिडकीतून नेला आणि दुसरं टोक आपल्या पायाच्या अंगठ्यात अडकवलं. आईनं ओढलं की खाला हजर. कूस बदलणं, अंग पुसणं, घाण काढणं, सगळं तीच करायची. आणि मी मोठी शहाणी! पहिल्याच दिवशी आईसमोरच तिला बजावलं, "खाला, बाकी सगळं करा, पण पाण्याला हात लावू नका. आमच्यात चालत न्हाय." ती नुसतं "हौ बेटी" म्हणाली. मला धास्ती गल्लीतल्या बायकांच्या तोंडाची. आईला काय हवं, हे मी विचारलंसुद्धा नाही.

पाण्याची सोय मीच करून जायची. आईच्या डाव्या हाताशी पाण्यानं भरलेली वाटी, त्यात धुतलेला फडका. तो उचलून आई चोखायची.

भर वैशाखातली गोष्ट. भोंगा झाला, बाहेर आले, तर फाटकाशी खाला उभी. कधी गल्ली न ओलांडलेली बाई बुरख्यात घामाघूम झालेली. मला बघताच तिला रडू फुटलं.

"सुबूच वाटी सांडी गे बेटी. अम्मा दोरा खींचतीच रही. मैं दोपहर से यां खड़ी, दरवान अंदर सोड्या नै."

तिनं आधी गल्लीतली दोन दारं ठोठावली होती. लकव्याच्या घरात आम्ही पाय ठेवत नाही, म्हणाल्या त्या बायका. ज्यांना मी भीत होते, त्याच.

"अहो, मग तुमी पाजायचं की!" मी किंचाळले.

"तूच नक्को बोली थी ना," ती म्हणाली.

धावत घर गाठलं. आईची जीभ टाळूला चिकटलेली, डोळे खोल गेलेले. दोरा तुटून त्याचं टोक मुठीत राहिलं होतं. मी तांब्या तोंडाला लावला. आईनं मान फिरवली. पुन्हा लावला, तर ओठ घट्ट मिटले. "आई, चुकले गं, पी की!" मी पाय धरले, कपाळ आपटलं. तिनं डावा हात उचलला आणि उंबऱ्याबाहेर उभ्या खालाकडं केला.

मी तांब्या खालाच्या हातात दिला. आई घटाघटा प्याली.

त्यानंतर ती नऊ दिवस होती. माझ्या हातची पेज घ्यायची, पण पाणी नाही. शेवटचं पाणीसुद्धा खालानंच तिच्या तोंडात घातलं. पोटची लेक मी, शेजारी बसून बघत होते.