दुसऱ्या टप्प्यावर तीन चांदण्या

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारंज्याच्या ऑफिसात धम्मपाल टेबलाशी पोचतो न पोचतो, तोच माफीनामा पुढ्यात आला. टाइप करून तयार. ‘मी न सांगता नागपूरला गेलो, म्हणून किन्हीराजा गावाची इंटरनेट लाइन बंद पडली.’ खाली सहीची जागा. सही केली नाही तर लाइन दुरुस्तीचं सातव्या वर्षाचं कंत्राट मिळणार नव्हतं.

सुट्टीचा अर्ज त्याने पंधरा दिवस आधी दिला होता. दसऱ्याला तो दीक्षाभूमीवर जातो हे ऑफिसातल्या शिपायालाही ठाऊक. एकट्या उदयसिंग साहेबांना तेवढं कसं आठवत नव्हतं, देव जाणे.

“तू काल मशीनच्या पूजेले नव्हता, अन् लाइन तवाच गेली,” उदयसिंग म्हणाले. “किन्हीराजाच्या पेटीत तूच काही तरी करून ठेवलं. जाय, पाहून ये. नाई तर कर सही.”

“सही मागून. आदी माग काढतो,” म्हणत धम्मपालने गाडीला किक मारली.

किन्हीराजाच्या पंचायतीत ती पेटी, म्हणजे नेटवर्कचा स्विच, भिंतीला टांगलेली होती. त्याने लॅपटॉप जोडला आणि काळ्या पडद्यावर एक हुकूम टाइप केला. गावातून बाहेर निघालेलं डेटाचं पाकीट कुठवर पोचलं, हे तो हुकूम टप्प्याटप्प्याने सांगतो. धम्मपालचा त्याच्यावर भारी जीव, कारण तो साहेबाचं तोंड बघून बोलत नाही. पहिला टप्पा शेलूबाजार, उत्तर आलं. दुसरा टप्पा कारंजा. उत्तराच्या जागी नुसत्या तीन चांदण्या, ‘* * *’; म्हणजे पाकीट तिथेच अडलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा चांदण्या.

म्हणजे घाण साहेबांच्याच खोलीत होती, आणि ती शोधायला त्याला एवढ्या लांब पिटाळलं होतं. परतताना तो रस्ताभर शिव्या घालत होता.

कारंज्याला साहेबांच्या खोलीतल्या मशीनवर झेंडूचा हार सुकत होता. त्याने शेलूबाजारकडची काचेच्या तारेची वायर उपसली. टोकाला ओलसर, चिकट कुंकू! जिथून उजेड जातो, जिथे धुळीचा कणही चालत नाही, तिथे बोटभर टिळा.

“ही वायर कोनं काढली होती?”

“म्याच,” उदयसिंग ऐटीत म्हणाले. “पूजेच्या आदी मशीन पुसा नाई लागत? कुंकू लावूनच खोचली परत.”

धम्मपालने काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटने वायरचं टोक आणि मशीनचं भोक दोन्ही लख्ख केली, वायर खोचली. हिरवा दिवा लागला. दोन मिनिटांत किन्हीराजाहून फोन आला, चालू झालं म्हणून. आता तरी हा माणूस ओशाळेल, असं त्याला वाटलं.

“कुंकू पुसलं तू?” उदयसिंगांचा आवाज चढला. “सनाचं कुंकू? हेबी लिहा लागते माफीनाम्यात!”

धम्मपालला या माणसाची शिसारी आली. सहा वर्षं याला ‘साहेब’ म्हटलं, त्या आपल्या जिभेचीही आली. त्याने कागद ओढला, तो लाल कापूस सहीच्या जागी चिकटपट्टीने पक्का केला आणि टेबलावर सरकवला.

“घ्या, झाली सही. तुमच्याच हातची हाये.”