संत्र्याएवढी गार

वादळांच्या अभ्यासाची इंटर्नशिप म्हणून आम्ही विद्यार्थी उन्हाळाभर जीपमधून ढगांमागे फिरत होतो. अकोल्याची ती आमची सीनियर. गारांचे नमुने ठेवायची बर्फपेटी कायम तिच्या मांडीवर असायची. मी एकदा त्या पेटीत पाण्याची बाटली ठेवली, तर तिने ती सरळ बाहेर भिरकावली. "रसवंती हाय काय हे?"

शेंदूरजनाघाटजवळच्या बागेत संत्र्याएवढी गार सापडली. अशी गार आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती. तिने ती पेटीत ठेवली आणि मग प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरवर खेकसत राहिली.

पुढे रस्त्याकडेला एक बाई बसलेली दिसली. गार लागून तिचं कपाळ एवढं सुजलं होतं, की एक डोळा दिसतच नव्हता. जमिनीवरच्या गारा केव्हाच वितळल्या होत्या. आमच्या सीनियरने पेटी उघडली, तीच गार काढली आणि रुमालात धरून बाईच्या कपाळावर दाबली.

बाई कण्हत म्हणाली, "एवढा बर्फ कुठून आणला वं माय?"

तिने बाईला हात धरून जीपमध्ये बसवलं. मग ड्रायव्हरला म्हणाली, "काका, दवाखान्यात घ्या. अन् आता खड्डे पाहू नोका."