नवमीची सवाष्ण

आईला इकडे कॅनडात, एडमंटनला आणून वर्षही झालं नव्हतं, तोच अविधवा नवमी आली, आणि तीही मंगळवारी. आईला सवाष्ण हवी. आमचा मराठी गोतावळा सगळा ऑफिसात. मी म्हटलं, "आई, वीकेंडला करू." तर म्हणे, "तिथी काय तुझ्या बॉसला विचारून येते?" माझंही डोकं फिरलं. म्हटलं, शेजारची जपानी बाई चालेल का? रिटायर्ड आहे, घरीच असते, नवराही चांगला धडधाकट, रोज अंगणातली पडलेली पानं गोळा करतो. मी आपलं चेष्टेत म्हटलं होतं. आई म्हणाली, "न चालायला काय झालं? कुंकू लावून घेईल ना?"

ही नवमी माझ्या आजीची. नवरा असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध या दिवशी करतात, सवाष्णीला जेवू घालून. आजोबा फौजेत होते. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत गेले आणि पुढे काहीच कळलं नाही. आई तेव्हा पाळण्यात होती. गावाने आजीला नाना परीने समजावलं, पण तिने कुंकू पुसलं नाही. "मेले ते कुणी बघितलंय?" हा एकच सवाल. म्हातारी होऊन गेली तीसुद्धा हिरवा चुडा भरून. आईने तोच हट्ट पुढे चालवला. ऐंशी उलटली तरी वडिलांच्या नावाने तिने कधी पाण्याचा थेंब सोडला नाही.

शेजारीण आली, पिशवीत पेअरची फळं घेऊन. आईने तिला पाटावर उभं करून हळदकुंकू लावलं, ब्लाउजपीस दिलं. बाई अगदी खुशीत. वडे खाल्ले, तांदळाची खीर मागून घेतली. मग भिंतीवरच्या आजीच्या फोटोकडे पाहून म्हणाली, आज यांचा दिवस का? मी मोठ्या हौसेने सगळी हकिकत सांगितली. सिंगापूर म्हटल्यावर तिचा चमचा थांबला.

तिचे वडील त्यांच्या नेव्हीत होते, म्हणाली. शत्रूच्या पाणबुड्यांच्या मागावर धावणारी लहानशी बोट. मोठ्या जहाजांना सोबत करायची आणि पाणबुडी आली की पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकायचे, हे त्या बोटीचं काम. एकदा सिंगापूरहून निघालेल्या मालवाहू जहाजाची सोबत होती. त्याच्या तळात हिंदी कैदी कोंबलेले. पाणबुडीने ते जहाज फोडलं. जे वर आले ते पोहू लागले.

"हात वर करून आमच्याच बोटीकडे येत होते, असं वडील सांगायचे. त्यांना वाटलं, वाचवायला आलीय. पण हुकूम झाला, पाणबुडी खालीच आहे, टाका."

मागच्या बाजूने बॉम्ब ढकलायचं काम तिच्या वडिलांचं होतं. त्यांनी ते ढकलले.

अगं बाई! वरून मारणारे त्यांचेच राखणदार? ही बाई माझ्या टेबलाशी बसून काय सांगतेय? तिच्या कपाळावर माझ्या आईच्या हातचं कुंकू, ते मला बघवेना. वाटलं, हिला आत्ताच्या आत्ता दारातून बाहेर काढावं. ती आपली "सॉरी, सॉरी, मी यायला नको होतं" म्हणत रडत होती.

"काय म्हणतेय?" आईने विचारलं. "सिंगापूर कळलं मला. सांग."

मी रागाच्या भरात एका दमात सगळं सांगून टाकलं, काहीच गाळलं नाही. आई ऐकताना टेबलाची कड धरून उभी होती.

"त्यात बाबा होते म्हणाली?"

"ते तिला कसं माहीत असणार, आई? कितीतरी होते."

"मग आज नको. आज नवमी आहे. आजच्या दिवशी माझ्या आईला विधवा करू नका." आईने पातेलं उचललं आणि शेजारणीच्या वाटीत खीर वाढली. अर्धी टेबलावर सांडली. "पोटभर जेव म्हणावं. सवाष्ण उपाशी उठलेली चालत नाही."

आणि ती बाई जेवली. डोळे पुसत, वाटी चाटूनपुसून. मी मात्र सिंकपाशी जाऊन पाणी सोडून उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात सर्वपित्री अमावास्या. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांना त्या दिवशी वाढतात. मी घरूनच काम करत होते. दुपारी मीटिंग संपवून खोलीतून बाहेर आले तर आई डेकवर, थंडीत, माझं जॅकेट घालून. समोर पान वाढलेलं, इथला कावळ्याचा भाऊबंद, एक मॅगपाय, कठड्यावर येऊन बसलेला.

"कुणाचं गं?"

"बाबांचं."

आत आले तर भिंतीवर नुसता खिळा. आजीचा फोटो गेला कुठे? गुडघे धरत एकेक पायरी चढणारी माझी आई तो फोटो घेऊन एकटी बेसमेंटमध्ये उतरली होती. शोधत खाली गेले तेव्हा तो सापडला, वॉशिंग मशीनमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

"तिला ते पान दिसायला नको," आई म्हणाली. "उद्या परत लाव."