गिरजाआत्तीची सुबाभूळ

ऊन तापायला लागलं की गिरजाआत्ती जेवता जेवता हात थांबवायची आणि वारा हुंगायची. "कायतरी जळतंय रं." बहुतेक वेळा कुणी तरी उसाचं पाचट पेटवलेलं असायचं. तरी तिचा चेहरा दिवस मावळेपर्यंत सैल व्हायचा नाही.

ती माझ्या वडिलांची बहीण. नवरा गेल्यावर आटपाडीकडच्या आमच्या धनगरवाडीत परत आली. मेंढरं विकून तिनं डोंगरउतारावरच्या मुरमाड माळावर सुबाभूळ लावली, तेव्हा भावकी हसली. जळणासाठी झाडं लावायची, ही काय शेती? पण झाडं बघता बघता डोक्यावर गेली. लाकूड माझ्या टेंपोतून कारखान्याच्या बॉयलरला जाऊ लागलं आणि तोडलेल्या बुंध्यांना पुन्हा धुमारे फुटले. "कोळसा येकदा जाळला की गेला," ती म्हणायची. "ही बया तोडली की चवताळून उठती." वीटभट्टीवालेही तिच्याकडून जळण नेऊ लागले, तशा ओढ्याकाठच्या जुन्या बाभळी वाचल्या. उतारावरची माती वाहायची थांबली. झाडांवर होल्यांचं घुमणं पुन्हा ऐकू येऊ लागलं.

तिला धास्ती होती ती वरच्या डोंगराची. तिथलं कुसळी गवत दर उन्हाळ्यात कुणी तरी पेटवतंच. पेटवलं की पुढच्या साली जोमानं येतं, अशी समजूत.

गेल्या चैत्रात भरदुपारी डोंगरमाथा पेटला. वारा वाडीच्या दिशेचा. मध्ये आत्तीची झाडं, त्यांच्याखाली घोटाभर वाळला पाला, आणि गाडीवाटेच्या अलीकडे आमची पाचटानं शाकारलेली छपरं. आग झाडांत शिरून वाटेपर्यंत आली असती, तर ठिणग्या थेट घरांवर.

आत्ती गाडीवाटेवर उभी राहिली. "काडीपेटी दे."

"काय करतीस आत्ती?"

"हिकडनं पेटवायचं. वरची आग हितवर यायच्या आत हितलं जळून गेलं पायजे."

"अगं, तोडणीला आलेली झाडं हायती!"

"झाडं बुडातनं उठत्याल. तुझी आई उठंल का?"

माझी आई घरात अंथरुणाला खिळलेली होती. मी काडीपेटी दिली.

पाचटाची पेटती पेंढी घेऊन ती वाटेच्या कडेनं चालत गेली आणि स्वतःच्या झाडांखाली आग लावत गेली. आम्ही ओली पोती घेऊन मागं ठिणग्या झोडपत होतो. दोन्ही आगी झाडांच्या मधोमध भिडल्या, तेव्हा ढग फुटल्यासारखा आवाज झाला. मग पुढं जळायला काही उरलंच नाही. वाडी वाचली. आत्ती वाटेवरच बसली. रडली नाही; नुसती खोकत राहिली.

तो खोकला गेला नाही. आषाढात काळ्या बुंध्यांतून कोंब वर आले, तशी ती रोज तिथं जाऊन बसायची. कोंबांवरून एकदा हात फिरवायची आणि मग बराच वेळ वर डोंगराकडे बघत राहायची. "औंदा गवत लय माजंल," एवढंच बोलायची.

कार्तिकात तिला मिरजेला दवाखान्यात ठेवलं. श्वास पुरत नव्हता. मला पाहून तिनं नाकावरचा मास्क बाजूला सारला.

"गवत केवढं झालंय?"

"कमरंला लागतंय."

"मग हितं काय करतोस? जा. काप जा."

तिनं मास्क पुन्हा नाकावर ओढला. दुसऱ्या दिवशी गेली.

दिवसकार्य उरकून आम्ही विळे घेऊन वर गेलो. तेव्हापासून कापतोच आहोत. होळी तोंडावर आली आहे, निम्मा डोंगर अजून पिवळा उभा आहे, आणि काल पलीकडच्या उतारावर धूर दिसला.