मॅडमना पाठवलेला मंगल मेल

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. बरं, जाऊ दे, हसा! आमचं अख्खं ऑफिस हसलंय, तुम्हीच काय घोडं मारलंय?

चेन्नईत गिंडीला पंपांचे सुटे भाग बनवणारी आमची छोटी कंपनी. मी मूळचा मिरजेचा, पण या कंपनीच्या खरेदी खात्यात एकोणीस वर्षं काढली. मॅनेजर निवृत्त झाले, खुर्ची रिकामी झाली, आणि माझा डोळा त्या खुर्चीवर. स्पर्धक एकच, स्टोअर्समधला राजा कदम. साताऱ्याचा. माझा जिवलग दोस्त हो, पण खुर्ची एकच ना!

त्यातच आमच्या मेलच्या प्रोग्रॅमनं कात टाकली. कोपऱ्यात रोज एक बटण यायचं, 'नवीन रूप वापरून पाहा'. आमच्या मालकीणबाई, हेमा राव मॅडम, मला म्हणाल्या, "जोशी सार, तुम्ही जुने जाणते. सगळ्यांनी नवीन घ्यायचं की जुनंच ठेवायचं, मला स्पष्ट लिहून पाठवा. मॅनेजर होणाऱ्याला हे ठरवता आलं पाहिजे."

मॅनेजर होणाऱ्याला! माझ्या मनात गुदगुल्या झाल्या.

अर्धा तास नवीन रूप वापरलं. अहो, काय ते! जिथे 'पाठवा' होतं तिथे आता कॅलेंडर. फोल्डर कुठे गेले, देव जाणे. उत्तर कुठून द्यायचं ते शोधताना मी दोन मेल कचऱ्यात टाकले. गुपचूप जुन्यावर परत आलो.

पण हे मॅडमना सांगायचं? त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर नवीन आधीच घेतलं होतं. शुक्रवारी पूजासुद्धा ठरवली होती, प्रत्येक मॉनिटरला चंदन-कुंकू, दारात नारळ, लिंबू, सगळं साग्रसंगीत. मग मी इंग्रजीत लिहिलं, "अप्रतिम, मॅडम! तुमच्या दूरदृष्टीला नमस्कार!" पाठवून दिलं.

इतकं खोटं एका दमात लिहिल्यावर खरं कुणाला तरी सांगायला नको? राजाला लिहायला घेतलं. मराठीत!

ही आमची एकोणीस वर्षांची सोय. चेन्नईत मराठी कोणाला कळतंय? लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये, समोरच्याच्या तोंडावर हसत हसत मी त्याची सालटी काढायचो. राजा नुसता 'हं' म्हणायचा. मॅडमच्या साड्या, मॅडमचे उपास, मॅडमचं गणित, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं.

तर लिहिलं, "राजा, बाईला मेलमधलं ओ की ठो कळत नाही, आणि निघाली ऑफिस सुधारायला! म्हणे नव्यात पाठवलेला मेल दहा सेकंदांत परत घेता येतो. अरे, शुद्धीवर असलेल्या माणसाला ते कशाला लागेल? मी अप्रतिम म्हणून कळवलंय. एकदा खुर्ची मिळू दे, मग नारळासकट सगळं परत पाठवतो."

जुन्यात पत्त्याच्या जागी इंग्रजी आर-ए टाइप केलं की यादीत राजा वर यायचा. डोळे मिटून एंटर मारायचा आणि पाठवून द्यायचं, इतका सराव! डोळे मिटले, एंटर मारला, पाठवलं, उघडले.

नुकताच मॅडमना मेल गेला होता ना? ज्याला शेवटचा मेल जातो तोच यादीत वर, म्हणजे राजा नव्हता, राव होत्या!

परत घ्यावा तर जुन्यात तशी सोयच नाही. मग सुचलं, अरे, मराठी आहे! राव म्हणजे तेलुगू असणार. त्यांना काय कळतंय?

शुक्रवारी पूजेला सगळे जमले. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "जोशी सार, तुमचा तो मेल कसला?"

"मंगल ओळी आहेत, मॅडम," मी बेधडक म्हणालो. "आमच्यात नवीन कामाला लिहितात."

"अय्यो, मग सगळ्यांना ऐकू दे की!"

आणि त्यांनी नव्या प्रोग्रॅममधलं 'ऐका' दाबलं. असं बटण आहे हे मला काय माहीत? अर्ध्या तासात बघितलं होतं कुठे! स्टेशनवर गाडीची घोषणा करावी तशा आवाजात ते यंत्र सुरू झालं, "राजा, बाईला मेलमधलं ओ की ठो कळत नाही…" अख्खा स्टाफ डोळे मिटून, हात जोडून ऐकतोय! एकानं तर शेवटी कापूरही लावला. राजा फक्त भिंतीकडे तोंड करून हसू दाबत होता.

मॅडम हळूच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आम्ही तंजावरचे, पूर्वज मराठे राजांबरोबर आले. आम्हांस तुमची अक्षरे वाचावयास येत नाहीत. ऐकावयास येते. एकोणीस वर्षे ऐकतेच आहे."

मराठी! जुन्या दस्तऐवजातलं असावं तसं, पण शुद्ध मराठी! धरणी पोटात घेईल तर शपथ.

"कदम हं म्हणत," त्या पुढे म्हणाल्या, "बोलणारे तुम्हीच. सेरी, बरे. पाठविलेले परत घ्यावयाची गरज इथे तुम्हांसच फार. सोमवारपासून नवे पहिल्याने तुम्हीच वापरा."

खुर्ची राजाला मिळाली, हे वेगळं सांगायला नकोच.

सोमवारी माझ्या कॉम्प्युटरवर नवीन रूप. कुंकू लावलेलं. पहिला मेल मनापासून राजाला लिहिला, "अभिनंदन, साहेब! आता जपून रे बाबा, म्हातारी सगळं ऐकते." आर-ए टाइप केलं, आणि सवयीनं डोळे मिटून एंटर मारला.

उघडले. राव!

घाबरलो नाही हो मी! दहा सेकंद होते ना हातात. ते दहाही सेकंद 'परत घ्या' कुठे आहे ते शोधण्यात गेले. अकराव्या सेकंदाला मॅडमच्या केबिनमधून स्टेशनवरचा तो आवाज आला, "अभिनंदन, साहेब! आता जपून रे बाबा…"