इंजिनला लावलेलं कुंकू

आमच्या नव्या गाडीच्या पूजेला मी बॉनेट उघडायला लावून थेट इंजिनला कुंकू लावलं. सर्व्हिसिंगला नेऊन कोणी इंजिन बदललं तर ओळखता यावं, एवढाच माझा भक्तिभाव. तेव्हा मी आजी झाले नव्हते आणि अक्कलही यायची होती. "आमच्या कंपनीचं इंजिनच येगळं," हे मुलीच्या सासूला मी येता-जाता ऐकवत असे.

मग विहीणबाईंनी दुसऱ्या कंपनीची, स्वस्तातली गाडी घेतली. पूजेला आम्ही त्यांच्या गावी, सिहोऱ्याला गेलो. ताट येण्याआधी मी हळूच बॉनेट उघडून पाहिलं, तर आत हुबेहूब आमचं इंजिन! आमची गाडी नेमकी गॅरेजमध्ये होती. मी आत डोकं घालून कुंकवाचा डाग शोधू लागले.

"काय करून राहिली वं माय?" मुलगा धावत आला.

"गॅरेजवाल्यानं आपलं इंजिन यायले इकलं वाटते!"

"दोन्ही कंपन्या एकच इंजिन लावतात. नाव तेवढं येगळं."

"मंग आपण जास्तीचे पैसे कायले देले?"

तेवढ्यात विहीणबाई ताट घेऊन आल्या. मी खाडकन बॉनेट लावलं.

"वरूनच लावा. इंजिनले कुंकू सोसत नाही."

"तुमच्या इंजिनले तं लावलं होतं!"

"आमचं येगळं हाय ना, बाई."