नांगोबीची पाचवी बाटली

नाइगागा रताळी सोलत होती, चुलीवर नाचणीची पेज रटरटत होती, तेवढ्यात दार वाजलं. शेजारचा किरुंडा होता.

"मावशी, नांगोबीचा ताप उतरला. आज रक्तातही मलेरिया निघाला नाही. पण तिला सारखी धाप लागलीय."

"मग मुसोब्याचा सत्कार कर," असं म्हणत ती सुरी ठेवून उठली.

सरकारी दवाखान्यात तीस वर्षं तिने सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा तपासल्या होत्या, पण गावाच्या लेखी ती काचा धुणारी बाई. डॉक्टर म्हणजे मुसोब्या. अर्ध्यात सोडलेलं शिक्षण, औषधाचं दुकान आणि पांढरा कोट, एवढं त्याला पुरलं. इगांगा गावातल्या या रस्त्यावर सलाईन लावल्याशिवाय कुणी आजारी पडलं असं मानतच नाहीत. मोटरसायकलवर मागे बसलेला नातेवाईक बाटली उंच धरून अशी मिरवतो, जशी काही फुटबॉलची ढाल जिंकून आणलीय.

किरुंडाच्या खोलीत त्याची बायको नांगोबी उताणी पडली होती. ओठ निळसर, नाकपुड्या फुललेल्या. भिंतीवरच्या खिळ्याला सलाईनची बाटली टांगलेली, शेजारी मुसोब्या उभा.

"कितवी?"

"पाचवी," मुसोब्या ऐटीत म्हणाला. "अशक्तपणा आहे. छातीत थंडी बसलीय."

"लघवी किती झाली ते पाहिलंस, की नुसत्या बाटल्याच मोजतोस?"

तिने घड्याळाकडे बघत पुरता मिनिटभर श्वास मोजले. चव्वेचाळीस. पाठीला कान लावला, तर दोन्हीकडे बुडबुडे. तिने नळी बंद केली आणि नांगोबीला उठवून बसवलं.

"मलेरिया गेला तरी फुप्फुसं पाझरती करून ठेवतो, आणि तू वरून ओततोस."

"काचा धुणारीने मला शिकवावं?"

"तुझ्यासारख्यांनी केलेली घाण काचेतच दिसते, बाबा."

किरुंडा घुटमळला. "मावशी, बाटली काढली तर लोक म्हणतील, बायकोला तशीच टाकली."

"मग लोकांना मयताचंही आमंत्रण देऊन ठेव."

तो मोटरसायकल आणायला गेला. नांगोबीला मध्ये ताठ बसवून त्यांनी जिल्ह्याचं हॉस्पिटल गाठलं. तिथे तिला ऑक्सिजन लावला. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं कापसासारखी पांढरी. साधा न्यूमोनिया बहुधा एका बाजूला धरतो, हे मलेरियाने सुजलेल्या फुप्फुसांत साचलेलं पाणी आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत श्वास तिसावर आला. नांगोबीने डोळे उघडून नवऱ्याला हाक मारली.

नवरा व्हरांड्यात नर्सला विचारत होता, "सिस्टर, हिला सलाईन कधी लावणार?"

नाइगागा डॉक्टरीणबाईंकडे वळली. "बाई, ते सलाईनचं पाणीच हिच्या फुप्फुसात गेलं, एवढं त्याला एकदा तुमच्या तोंडून सांगा. माझं तो ऐकणार नाही."